यंदा दहा बाय दहाचीच वाडी कर

अगं, मुकुटबनला घर घेतलंस, मागे एवढी मोकळी जागा आहे आणि तुला ती सगळी हिरवीगार झालेली पाहायचीय, हे कळतंय मला. पण पहिल्या वर्षी दहा बाय दहा फुटांच्या पुढे जाऊ नको. बाकीची जागा तशीच पडू दे. शेजारीण हसली तर हसू दे! मे महिन्यात उत्साहाने अख्खी सांदवाडी खणणाऱ्या बायका ऑगस्टात गवत उपटताना रडकुंडीला येतात.

तुझी माती काळी, भारी. आत्ता तिला हातभर भेगा पडल्या असतील आणि टिकास मारलं तर विटेएवढी ढेकळं निघत असतील. कोरडीच खणत बसू नको, हात सोलतील नि माती तशीच राहील. संध्याकाळी जागा भरपूर भिजव, वरून जुनी पोती टाक आणि तीन-चार दिवस थांब. मग बोटभर खालची माती मुठीत दाबून गोळा कर नि कमरेएवढ्या उंचीवरून टाक. गोळा फुटून मोकळा झाला तर वाफसा आला, खणायला घे. नुसताच चपटा होऊन बसला तर अजून थांब. ओल्या काळ्या मातीत पाय घातलास की ती दगड होऊन बसते, मग वर्षभर तिच्याशी भांडण.

एवढ्या जागेला चार-पाच घमेली शेणखत घाल, पण चांगलं कुजलेलं. हातात घेतल्यावर शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे. कच्च्या खताबरोबर हुमणी नि वाळवी फुकट घरी येतात. आणि चुलीची राख? सासूबाई म्हणतील टाक, सगळेच टाकतात. तू ‘हो’ म्हण आणि टाकू नको. मुकुटबनच्या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडीच चुनखडी, सिमेंटचा कारखाना उगाच नाही आला तिथे. चिमूटभर मातीवर लिंबू पिळून बघ. बारीक फेस आला तर मातीत चुना मुबलक आहे, त्यात राखेने भरच पडेल. अशा मातीत कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक पिवळं दिसलं की युरिया टाकतात. तिथे युरियाचा उपयोग नाही. झाडाला लोह मिळत नसतं. शेणखत वाढवलं की हळूहळू सुधारतं.

आता गंमत ऐक. आपण कोरड्या मातीची चिंता करतो, पण पावसाळ्यात याच मातीत भाजी बुडून मरते. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो आणि काळी माती पाणी सोडत नाही. म्हणून पावसाळ्यासाठी वीतभर उंच, तीन फूट रुंद गादीवाफे कर. दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे, वर पाय ठेवायची वेळ येऊ नये. दिवाळीनंतर उलटं कर, भाजी सरीत लाव नि वरंबे मोकळे ठेव, म्हणजे पाणी मुळाशी राहील.

बी मृगाच्या पहिल्या सरीला नको. त्या पावसाने नुसतं अंग ओलं होतं. वीतभर खोल ओल गेली की मग लाव. पहिल्या वर्षी भेंडी, चवळी, गवार आणि अंबाडी. वांग्याची चार रोपं बाजारातून आण. कुंपणावर दोडकं चढव. भेदरं म्हणजे टोमॅटो, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि मेथी दसऱ्यानंतर. भेंडीचं बी रात्रभर भिजत घाल. बी पेरल्यावर वरून काळी माती ओढू नको, चाळलेलं खत भुरभुर. काळ्या मातीवर पाऊस पडून ऊन लागलं की पापुद्रा धरतो आणि कोंब आतच गुदमरतो. रोपं मात्र संध्याकाळीच लाव.

उगवून आलं की सोयाबीनचं कुटार दोन-तीन बोटं जाड पसर, पण माती ओली असताना. पावसाने दडी मारली तर दोडक्याच्या आळ्याजवळ मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेव, ते झिरपत राहतं. अंघोळीचं पाणी वाडीला चालतं, कपड्यांचं नको. धुण्याच्या साबणातल्या सोड्याने भारी माती आणखी घट्ट होते.

कुंपणाला तुराट्या वापर, पऱ्हाटी नको. पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी लपते आणि गावातल्या सगळ्यांच्या कपाशीला ताप होतो.

आता एक गोष्ट मात्र कान देऊन ऐक. कपाशीवर मारायचं औषध उरलं म्हणून कोणी भेंडीवर मारायला आलं, तर पाऊल टाकू देऊ नको. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. भेंडी तर आपण आज तोडतो नि आजच फोडणीला टाकतो. तणनाशकाचा पंपही वाडीत आणू नको, धुतलेला असला तरी. त्याच्या उरल्यासुरल्या थेंबाने वांग्याची पानं आखडतात. जूनमध्ये कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून सुकव. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम भुकटी रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची नि संध्याकाळी फवारायची. मावा-तुडतुड्याला तेवढं पुरतं. अळी दिसली तर हाताने वेच, एवढुशी तर वाडी आहे.

आणि हो, सगळं चांगलं आलं तरी पुढच्या वर्षी लगेच जागा दुप्पट करू नको. आधी याच जागेत आणखी चार घमेली खत जाऊ दे. यंदाचं खत अजून टाकलं नसशील तर या आठवड्यात टाक. २५ मेला रोहिण्या लागतात.