संगणकाचा पत्ता : आवृत्ती चार आणि आवृत्ती सहा

आपल्या संगणक कक्षातील कोणत्याही यंत्रावर 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली की १९२.१६८.१.१५ यासारखे आकडे दिसतात. हा त्या यंत्राचा आयपी पत्ता. मुलांइतकेच पालकही याविषयी आम्हाला विचारत असतात, म्हणून या अंकात हाच पाठ घेत आहोत.

इंटरनेटवरून जाणारा मजकूर, चित्र वा आवाज लहान लहान तुकड्यांत जातो. या तुकड्याला पॅकेट म्हणतात आणि प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात. 'राजवाड्यामागे, मंदिराजवळची दुसरी गल्ली' असा पत्ता आपल्या इंदूरच्या पोस्टमनला कळतो. यंत्राला निव्वळ आकडे लागतात.

आज दोन प्रकारचे पत्ते चालू आहेत. जुना प्रकार म्हणजे आवृत्ती चार. तिचे प्रमाणित रूप सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. यात ३२ बिट असतात, म्हणजे ८-८ बिटांचे चार भाग. प्रत्येक भागात ० ते २५५ यांपैकी एक संख्या येते, त्यामुळे ३०० असलेला पत्ता कुणी दाखवला तर तो खोटा समजावा. असे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ होतात. ३२ बिटांचा निर्णय विंट सर्फ यांनी १९७७ मध्ये घेतला, तोही एका प्रयोगापुरता. प्रयोगच पुढे जगभर पसरेल असे तेव्हा कुणाला वाटले होते!

सुरुवातीला वाटपही सढळ हाताने झाले. अमेरिकेतील एमआयटी ही संस्था, फोर्ड ही मोटार कंपनी आणि ॲपल यांना प्रत्येकी १,६७,७७,२१६ पत्ते मिळाले. पहिल्या पंगतीला आग्रह करकरून वाढले आणि शेवटच्या पंगतीला पातेले खरवडावे लागले, तसे झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटून संपले.

मग एखादा आकडा वाढवला का नाही? २००२-०३ च्या सुमारास आपल्याकडे लँडलाइन क्रमांकाच्या आधी २ जोडून काम भागले होते. इथे ते शक्य नव्हते. पॅकेटवर पत्त्यासाठी ३२ बिटांचीच जागा आखलेली आहे. तेहतिसावा बिट जुन्या यंत्राला वाचताच येत नाही. म्हणून नवी पद्धत बनवावी लागली. पाच हा क्रमांक आवाज व चित्र पाठवण्याच्या एका वेगळ्या प्रयोगाला आधीच दिला गेला होता, म्हणून हिला सहा म्हणतात. ती प्रथम डिसेंबर १९९५ मध्ये मांडली गेली. पॅकेटच्या आरंभीच ४ किंवा ६ लिहिलेले असते, त्यावरून यंत्र पुढचे कसे वाचायचे ते ठरवते.

आवृत्ती सहामध्ये १२८ बिट आहेत. एकूण पत्ते लिहायचे तर ३४ वर ३७ शून्ये द्यावी लागतील. हा पत्ता आठ गटांत, ० ते ९ आणि ए ते एफ या चिन्हांनी लिहितात. उदाहरणार्थ २००१:डीबी८:०:०:०:०:०:१. सलग शून्ये गाळून तेथे दुहेरी अपूर्णविराम देता येतो : २००१:डीबी८::१.

आता पालकांनी आणि विश्वस्त मंडळाने लक्ष द्यावे. पत्ते अपुरे म्हणून वाटून वापरण्याची युक्ती निघाली. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९४ मध्ये घरगुती वापरासाठी राखून ठेवले गेले, त्यामुळे लाखो घरांत तोच पत्ता सापडेल. बाहेर मात्र राउटरचा एकच पत्ता दिसतो. आपल्या कक्षातील सर्व संगणक बाहेरच्या जगाला एकच वाटतात! कुणी एका मुलाने कुणाला घाणेरडा संदेश पाठवला, तर चौकशी आधी जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे येते. कधी कधी सेवा देणारी कंपनीही एक पत्ता अनेक घरांना देते. अशा वेळी नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांक कळल्याशिवाय खरे घर सापडत नाही. म्हणून पत्ता जुळला एवढ्यावरून कुणावर ठपका ठेवू नये, आणि वाय-फायचा पासवर्ड गल्लीभर वाटू नये.

आवृत्ती सहामध्ये प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता मिळू शकतो. कुणी पाळत ठेवू नये म्हणून बहुतेक फोन त्याचा शेवटचा भाग मधूनमधून बदलतात. मोबाइलवर भारतात ही आवृत्ती पुष्कळ चालते; शाळा-कार्यालयांतील जुनी उपकरणे मागे राहिली आहेत. यापुढे राउटर घेताना ती चालते का, हे विचारूनच घ्यावे असे आमचे मत आहे.

मुलांनी पुढील तासाला पाहावे : पडद्यावर एफई८० ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तो कक्षापुरताच. २ किंवा ३ ने सुरू होणारा आठ गटांचा पत्ता दिसला तर आपली जोडणी नव्या पद्धतीची आहे.

स्वाध्याय : २००१:डीबी८:०:०:२५:०:०:१ हा पत्ता लहान करून लिहा. दुहेरी अपूर्णविराम एका पत्त्यात एकदाच का देता येतो? उत्तर कारणासह वहीत लिहून संगणक शिक्षकांना दाखवावे.