आजारी कुत्र्याला रेबीजची लस द्यावी का?

एका वाचकांनी पत्राने विचारले आहे : 'आमचा कुत्रा अकरा वर्षांचा आहे. त्याला मूत्रपिंडाचा विकार आहे, औषधे व पथ्य चालू आहे. रेबीजची वार्षिक लस गेल्या वर्षी राहून गेली. आता या वयात, या तब्येतीत त्याला लस टोचावी की त्याला सुखाने राहू द्यावे?'

खरे पाहता हा प्रश्न पशुवैद्यांचा आहे आणि शेवटचा निर्णय त्यांनीच द्यायचा आहे. परंतु कुत्र्याची लस चुकली की त्याची झळ घरातील माणसांना लागते आणि ती माणसे आमच्यासारख्यांच्या दवाखान्यात येतात. म्हणून या विषयावर माणसांच्या डॉक्टरनेही चार शब्द लिहिले तर वावगे होणार नाही.

रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की त्यावर आजही खात्रीचा उपाय नाही. रोगी जवळजवळ नेहमीच दगावतो. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के रेबीज कुत्र्यापासून होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे कुत्र्याच्या अंगात गेलेली सुई ही एका अर्थी घरातल्या मुलाबाळांचीच लस असते.

लस म्हणजे काय टोचतात?

१८८५ साली लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस प्रथम टोचली. ती सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. पुढे आपल्याकडे मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस बरीच वर्षे वापरात होती. पोटात घ्यावयाची ती चौदा इंजेक्शने जुन्या मंडळींना आठवत असतील. त्या लसीमुळे क्वचित लकव्यासारखे दुष्परिणाम होत. २००५ सालापासून ती आपल्या देशात बंद झाली, पण तिची भीती लोकांच्या मनातून गेलेली नाही. 'रेबीजची लस फार कडक' हा समज तिथूनच आला आहे.

कुत्र्यांना आज आपल्याकडे दिली जाणारी रेबीजची लस मृत विषाणूंची असते. मेलेला विषाणू वाढू शकत नाही, त्यामुळे या लसीने रेबीज होत नाही, कुत्रा कितीही अशक्त असो. डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे रोगांची जी एकत्रित लस देतात, तिच्यात मात्र जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. प्रतिकारशक्ती खचलेल्या जनावराला ती देताना अधिक विचार करावा लागतो. 'लस द्यावी का' असे विचारताना 'कोणती लस' हे म्हणूनच स्पष्ट विचारावे. दोन्ही एकाच दिवशी द्यायच्या की रेबीजची आधी देऊन दुसरी पुढे ढकलायची, हे पशुवैद्य ठरवतील.

आजार कोणता, हे आधी पाहा

ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार ताज्या आजाराचा. ताप आहे, उलट्या-जुलाब चालू आहेत, दोन दिवस अन्नाला तोंड लावलेले नाही. अशा वेळी लस पुढे ढकलणे योग्य. कुत्र्याचे अंग माणसापेक्षा मुळातच गरम असते. साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे त्याचे नेहमीचे तापमान. म्हणून हात लावून 'ताप आहे' असे ठरवू नये, पशुवैद्यांकडून मोजून घ्यावे. जनावर बरे झाले की लस द्यावी. पुढे ढकलणे म्हणजे रद्द करणे नव्हे. नवी तारीख तिथल्या तिथे कार्डावर लिहून घ्या. तारीख लिहिली नाही की वर्ष निघून जाते.

दुसरा प्रकार जुनाट पण काबूत असलेल्या आजाराचा. सांधेदुखी, औषधाने आटोक्यात असलेला मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा स्थिर विकार, ताब्यात असलेली फेफरी हे सारे यात येतात. कुत्रा खातो-पितो, फिरतो, वजन टिकून आहे, तर असा आजार असूनही रेबीजची लस सहसा देता येते. म्हातारपण हे लस नाकारण्याचे कारण नाही. वरील पत्रातील कुत्रा बहुधा याच गटात मोडेल, मात्र तपासणीनंतरच. मूत्रपिंडाचा विकार अलीकडे बळावला असेल, तर आधी त्याची तब्येत सावरावी लागेल.

तिसरा प्रकार थोडा अवघड. पूर्वी लस दिल्यावर तोंड सुजले होते किंवा कुत्रा कोसळला होता, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तपेशींवर उलटण्याचा आजार आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत किंवा स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रा चालू आहेत. मृत विषाणूंच्या लसीने येथेही रेबीज होणार नाही, पण ॲलर्जी उद्भवू शकते, जुना आजार उसळू शकतो किंवा लस पुरेशी लागू पडत नाही. खाज व त्वचारोगासाठी स्टेरॉइड सर्रास दिली जातात आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. म्हणून लसीला जाताना औषधांच्या सगळ्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्यात. स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत.

कुत्रा अशक्त आहे म्हणून 'अर्धीच लस द्या' असा आग्रह काही जण धरतात. लसीची मात्रा वजनावर ठरत नाही. अर्ध्या मात्रेने संरक्षणाची खात्री राहत नाही आणि सुई टोचल्याचे समाधान तेवढे मिळते.

'तो तर घराबाहेर जातच नाही'

हे वाक्य मी पुष्कळदा ऐकतो. पण रेबीज फाटकातून आत येऊ शकतो. एका घरी असाच म्हातारा कुत्रा होता. 'आता कशाला त्रास' म्हणून तीन वर्षे त्याची लस झालेली नव्हती. पहाटे एक भटके कुत्रे आवारात शिरून त्याला चावून पळाले. ते पुन्हा सापडले नाही. नंतरच्या दिवसांत आजोबांनी जखम धुतली, सुनेने हाताने गोळ्या चारल्या, ओरखडे असलेल्या हाताला नातवाने त्याच्याकडून चाटून घेतले. शेवटी तिघांना लस घ्यावी लागली. कुत्र्याला वाचवलेली एक सुई घराला बरीच महाग पडली.

उलट उदाहरण आपल्या शेजारी गोव्यात आहे. तिथे २०१४ पासून 'मिशन रेबीज' या संस्थेने सरकारच्या साहाय्याने कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याची मोहीम राबवली. कुत्र्यांमधील रेबीज झपाट्याने घटला आणि २०१८ पासून काही वर्षे तिथे माणसाचा एकही मृत्यू झाला नाही. लस टोचली कुत्र्यांना, जीव वाचले माणसांचे.

ही लक्षणे असतील तर लस नव्हे, सावधगिरी

लस न घेतलेला कुत्रा अचानक वेगळा वागू लागला, कोपऱ्यात दडून बसला, उगाच चावायला धावला, आवाज बदलला, जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, पाणी गिळता येईना, मागचे पाय लुळे पडले, तर 'आजारी आहे, लस देऊन टाकू' असा विचार करू नये. लक्षणे सुरू झाल्यावर लसीचा उपयोग नसतो. रेबीज झालेला प्रत्येक कुत्रा पिसाळतोच असे नाही. काही कुत्रे मुके, सुस्त होतात. घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालणे ही तर जीवघेणी चूक ठरू शकते. कुत्र्याला वेगळे बंद करा, मुलांना दूर ठेवा आणि पशुवैद्यांना बोलवा.

ससा व मांजर

मांजरालाही रेबीज होतो व तिच्यापासून माणसालाही होऊ शकतो. त्यामुळे वर लिहिलेले सारे मांजरालाही लागू आहे.

सशाची गोष्ट निराळी. सशाच्या चाव्यातून माणसाला रेबीज होणे अत्यंत दुर्मिळ, तरी जखम धुऊन डॉक्टरांना दाखवावी. ब्रिटनमध्ये पाळीव सशांना मिक्सोमॅटोसिस व रक्तस्रावी रोग या दोन आजारांच्या लसी देतात. हे रोग माणसाला होत नाहीत. म्हणून आजारी सशाला लस द्यावी की नाही, याचा विचार केवळ सशाच्या हिताचा असतो. कुत्र्याच्या बाबतीत पारड्यात सगळे घर बसलेले असते.

लस देता येत नसेल तर

पशुवैद्यांनी तपासून 'सध्या नको' असे सांगितले, तर तो सल्ला मानावा. मात्र तोवर घरच्यांनी पुढील काळजी घ्यावी :

१. कुत्र्याला साखळीशिवाय बाहेर सोडू नये, भटक्या जनावरांशी संपर्क येऊ देऊ नये. त्याला कोणी चावल्यास त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे.

२. औषध चारल्यावर साबणाने हात धुवावेत. हाताला जखम असल्यास लाळ लागू देऊ नये.

३. त्याची शुश्रूषा करणाऱ्याने आपल्या डॉक्टरांना विचारून रेबीजची लस आधीच घ्यावी. अशा व्यक्तीला पुढे चावा झाल्यास दोनच डोस पुरतात.

४. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय किंवा डॉक्टरांना गाठावे. कुत्र्याला लस दिलेली असली तरी हे टाळू नये. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण आपली लस त्यासाठी थांबवू नये.

५. लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसावे. एक-दोन दिवस मरगळ, थोडी सूज चालते. तोंड सुजणे, वारंवार उलट्या, धाप लागणे दिसल्यास लगेच परत न्यावे.

पत्र लिहिणाऱ्या वाचकांना एवढेच सांगणे : कुत्र्याला या आठवड्यात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. चिठ्ठ्या, रक्ततपासणीचे कागद व जुने लसीचे कार्ड बरोबर असू द्या. घरात बसून दयेपोटी 'नको' ठरवू नका. 'हो' असो वा 'थांबा', ते तपासणाऱ्याच्या तोंडून येऊ द्या.