रुग्णशय्येपाशी भरलेली शाळा : ब्रिटनमधील परिचारिका-शिक्षणाची वाटचाल

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधील बहुतेक रुग्णालयांत शुश्रूषा ही शिकून घ्यावयाची विद्या मानली जात नसे. झाडलोट करणाऱ्या गरीब स्त्रियांकडेच ते काम असे. काही धर्मसंघांनी १८४० नंतर परिचारिका तयार करण्याचे प्रयत्न केले. पण या शिक्षणाला सर्वत्र अनुकरणीय ठरलेली चौकट लाभली ती १८६० साली. क्रिमियन युद्धातील सेवेबद्दल फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या गौरवार्थ जनतेने सुमारे ४५ हजार पौंडांचा निधी जमविला होता. त्यातून लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिका-विद्यालय स्थापन झाले.

उमेदवार परिचारिकांचे शिक्षण एक वर्षाचे असे. निवास, भोजन व गणवेश यांखेरीज वर्षाला १० पौंड मिळत. जखमा बांधणे, जळवा लावणे, रुग्णास न हलविता अंथरूण बदलणे ही कामे त्या वॉर्डातच शिकत. मेट्रन श्रीमती वॉर्डरोपर प्रत्येकीच्या कौशल्याबरोबरच वक्तशीरपणा, विश्वासूपणा व टापटीप यांचीही नोंद ठेवीत. येथून बाहेर पडलेल्या परिचारिकांनी अन्यत्र अशीच विद्यालये उभारली. ल्यूसी ऑस्बर्न यांनी तर १८६८ मध्ये ही पद्धत सिडनीपर्यंत नेली.

मात्र या पद्धतीत एक पेच दडलेला होता. उमेदवार परिचारिका ही विद्यार्थिनी होती आणि अल्प मोबदल्यात राबणारी कर्मचारीही होती. वॉर्डात माणसे कमी पडली की अभ्यास मागे पडे. शिवाय प्रत्येक रुग्णालयाचे प्रमाणपत्र निराळे. त्याची योग्यता कोणी ठरवावी?

सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या माजी मेट्रन एथेल फेनविक यांनी १८८७ पासून शासकीय नोंदणीचा आग्रह धरला. शील परीक्षेने मोजता येत नाही, या विचाराने स्वतः नाइटिंगेल यांनी त्यास विरोध केला. अखेर १९१९ मध्ये नोंदणीचा कायदा झाला. १९२१ मध्ये नोंदवही उघडली, तेव्हा पहिले नाव फेनविक यांचे होते. इंग्लंड व वेल्समध्ये १९२५ पासून शासकीय परीक्षाही सुरू झाली.

तरीही मूळ पेच सुटला नाही. विद्यार्थिनींना रुग्णालयाच्या मनुष्यबळाच्या गरजेपासून मोकळे करावे, असे वुड समितीने १९४७ मध्ये सुचविले. परंतु रुग्णालयांचा कारभारच त्यांच्या श्रमांवर उभा असल्याने ते प्रत्यक्षात येण्यास चार दशके लागली. ‘प्रोजेक्ट २०००’ या योजनेनुसार १९८९ पासून हे शिक्षण उच्चशिक्षण संस्थांकडे जाऊ लागले आणि विद्यार्थी वॉर्डाच्या कर्मचारीसंख्येत धरले जाईनासे झाले. इंग्लंडमध्ये २०१३ पासून नव्या परिचारिकांसाठी पदवी-शिक्षण अनिवार्य झाले.

आजही या अभ्यासक्रमाचा निम्मा भाग प्रत्यक्ष कार्यानुभवाचा असतो, कारण शुश्रूषा केवळ पुस्तकातून येत नाही. परंतु शिकणाऱ्याचा वेळ हा प्रथम शिकण्यासाठी असावा, हे तत्त्व मान्य होण्यास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. ‘सिस्टर’ आणि ‘मेट्रन’ हे शब्द आपल्या रुग्णालयांतही रूढ आहेत. ज्या परंपरेतून ते आले, तिचा हा धडाही ध्यानी ठेवण्याजोगा आहे.