आधी व्याज, मग बेरीज

ताईंनो, मुलांच्या तोंडी 'कंचेभागुबेव' ऐकलं असेल. कंस, चे ('8000 चे निम्मे' मधलं), भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. आकडेमोड या क्रमानं करायची. गटाच्या हिशोबात हा क्रम दर बैठकीला लागतो.

कर्जाची बाकी ब, मुद्दलाचा हप्ता ह, व्याज महिना शेकडा 2 धरा. भरायची रक्कम = ह + ब × 2 ÷ 100.

बाकी 8000, हप्ता 500. आधी 8000 × 2 ÷ 100 = 160, हे व्याज. त्यात 500 मिळवा, झाले 660 रुपये.

साध्या कॅल्क्युलेटरवर हेच डावीकडून दाबत गेलात तर तो आधी 500 अन् 8000 ची बेरीज करतो आणि 170 दाखवतो! मोबाईलवर बहुधा 660 येतं. दोघींची उत्तरं जुळत नाहीत, अन् संशय मात्र हिशोब लिहिणारीवर. म्हणून साध्या यंत्रावर व्याज आधी काढा, हप्ता नंतर मिळवा.

कंसही जपून घाला. (8000 − 500) × 2 ÷ 100 केलं की व्याज 150 येतं. पण महिनाभर त्या ताईकडे 8000 होते, 500 तर आज आले. या महिन्याचं व्याज 160च. 150 पुढच्या महिन्याला.