आधी स्क्रू, शेवटी वाइंडिंग

चि. भाचेबुवा,


तुझा फोटो पोचला. गिटारच्या पोटावरची प्लास्टिकची पट्टी उघडून ब्रिजजवळचा पिकअप तू बाहेर काढलायस आणि खाली फर्मान सोडलंयस, "मामा, हा फार कर्कश वाजतो. तुमच्याकडे मशीन आहेच, चार वेढे जास्त मारून आवाज जाडा करून द्या." मशीन आहे, तारही आहे. इतकी वर्षं जळालेल्या मोटारी भरण्यातच गेली. तरी पिकअप इतक्यात पाठवू नकोस.

मोटार भरताना वेढे चुकले तर मोटार तापते, जळते आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडतं. पिकअपचे वेढे चुकले तरी तो वाजतोच, फक्त वेगळा वाजतो. काही बिघडलंय हे सांगायला कानाशिवाय कोणी नाही. आणि ताई म्हणत होती की गिटार आणल्यापासून तू तारासुद्धा बदललेल्या नाहीस. म्हणजे जुन्या, गंजलेल्या तारांचा राग तू पिकअपवर काढतोयस.

मीही एकदा अशीच घाई केली. आमच्या गल्लीतल्या एका मुलाची जुन्या घडणीची स्ट्रॅटोकॅस्टर आली होती. त्या पिकअपमध्ये सहा लोहचुंबकाच्या कांड्या असतात, वर-खाली फायबरच्या दोन पातळ चकत्या आणि तार थेट कांड्यांभोवती गुंडाळलेली. एक कांडी जरा वर आल्यासारखी वाटली, म्हणून मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ती हलकेच दाबली. आधी मीटर ५.९ किलोओहम दाखवत होता, नंतर काहीच दाखवेना. ०.०६ मिलिमीटरची तार, डोक्यावरच्या केसाएवढी बारीक. कांडीबरोबर आतल्या आत तुटली. आठ हजारांच्या आसपास वेढे उलगडून मी नवीन भरले. पिकअप वाजला, पण पहिल्यासारखा नाही. मुलगा काही बोलला नाही. गिटार मात्र पुन्हा माझ्याकडे आली नाही.

तुझ्या फोटोत खाली करड्या रंगाची आडवी पट्टी दिसते. तो सिरॅमिक चुंबक. वरच्या सहा कांड्या नुसत्या पोलादाच्या. स्वस्त गिटारींत बहुधा हीच रचना असते, आणि तुझ्या दृष्टीने ती सोयीची आहे. ती पट्टी वाइंडिंगला धक्का न लावता बदलता येते.

आता हे समजून घे. तारेचं वेटोळं आणि केबल मिळून एका ठरावीक कंपनसंख्येला उचलून धरतात. स्ट्रॅटच्या पिकअपचं इंडक्टन्स साधारण अडीच हेन्री धर. पाच मीटर केबलची कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरड धर. हा उंचवटा साडेचार किलोहर्ट्झच्या आसपास येतो, आणि आपला कान नेमका तिथेच तिखट असतो. तुला टोचतं ते हेच. वेढे वाढवले की इंडक्टन्स वाढतं, उंचवटा खाली सरकतो, आवाज भरीव आणि मोठा होतो, पण वरची चमक जाते. तेच काम काही अंशी लांब केबल करते. दहा मीटरची लावलीस तर उंचवटा ३.२ किलोहर्ट्झपर्यंत उतरेल. तेव्हा आधी मित्राची लांब केबल मागून आण आणि ऐक. खर्च शून्य.

मग क्रमाने चाल. नव्या तारा चढव. नंतर पिकअपची उंची बघ. गिटारच्या मानेवरच्या शेवटच्या पट्टीवर तार दाबून धर आणि तार ते कांडी हे अंतर मोज. जाड तारेखाली दोन मिलिमीटर, बारीक तारेखाली दीडच्या थोडं वर, इथून सुरुवात कर. पिकअप फार जवळ आला तर चुंबक तारेलाच ओढतो आणि सूर थरथरतो. उंचीचा स्क्रू एका वेळी अर्धा फेरा फिरव, वाजव, लिहून ठेव.

तरी टोचलं तर टोनच्या बटणाकडे ये. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट जोडणीत ब्रिजच्या पिकअपला टोनचं बटणच नसतं. तुझ्याकडेही तसंच असेल तर स्विचवर वायरचा एक तुकडा जोडला की काम झालं. ०.०२२ आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर पुण्याच्या तपकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळतात, दोन्ही लावून बघ. डाग देण्याआधी आतल्या जोडणीचा फोटो काढ.

चुंबकाची पाळी त्यानंतर. सिरॅमिकच्या जागी अल्निकोचा चुंबक लावलास तर आवाजाचा स्वभाव मऊ होतो. फक्त जुन्या पट्टीची दिशा होकायंत्राने तपासून ठेव. चुंबक उलटा बसला तर मधल्या पिकअपबरोबर आवाज एकमेकांना खातो आणि पातळ, नाकातला होतो. पिकअप मेणात बुडवायचा प्रयोग कर्कशपणावरचा इलाज नव्हे. सैल वेढे थरथरून शिट्टी मारू लागले, तर तो. गिटारवादक एडी व्हॅन हेलनने आपला हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचा पिकअप, त्याचसाठी पॅराफिनमध्ये बुडवला होता. कधी वेळ आलीच तर मेणाचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं, थेट आचेवर नाही, आणि पातेलं ताईचं घ्यायचं नाही.

आणि मीटरवरच्या किलोओहमवर भुलू नकोस. बारीक तार वापरली की वेढे तेवढेच राहूनही आकडा वाढतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ साली याच दोन वेटोळ्यांच्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याला विजेची घुं-घुं घालवायची होती. पेटंट १९५९ साली मिळालं, आणि घुं-घुं घालवताना जो गोल आवाज आला, त्यामागे लोक आजही धावतात. त्या काळच्या नगांतही एकाचं वाइंडिंग दुसऱ्यासारखं नसे. मग तू कुठला आकडा गाठणार?

मिरजेत तानपुऱ्याची जवारी काढणारा कारागीर कधी पाहिलायस? घोडीवर कानशीचे दोन हात मारतो, तार छेडतो, ऐकतो, मग पुढचा हात. घासलेलं पुन्हा भरून येत नाही, हे त्याला माहीत असतं. तुझ्या पिकअपमधली तारही तशीच. स्क्रू मात्र उलटा फिरवता येतो, म्हणून आधी तोच फिरवायचा.

दिवाळीत येशील तेव्हा गिटार आण आणि वहीही आण. प्रत्येक बदलाची तारीख, उंची आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलेला तोच एक तुकडा, तोच अँप, तोच आवाज. निदान सहा नोंदी हव्यात. त्या वाचून-ऐकूनही आवाज टोचतच असेल, तर मशीनवर तू बसायचंस. मी शेजारी बसून वेढे मोजेन.

ताईला नमस्कार सांग. गिटारच्या नादात अभ्यास बुडतोय, ही तिची तक्रार मी ऐकली नाही असं समज.

तुझा,
मामा