आधी गवत मोजा, मग गाई ठरवा

अकोले, इगतपुरी आणि डांगच्या डोंगरपट्ट्यात पाऊस मुसळधार आणि जमीन कातळाची. इथे टिकते ती डांगी गाय. तिच्या कातडीतून पाझरणाऱ्या तेलकट स्रावामुळे पावसाचं पाणी अंगावर ठरत नाही आणि काळे, टणक खूर दगडात सहज झिजत नाहीत. अशी काटक गाय रसायनांशिवाय पाळणं फार अवघड नाही. अवघड आहे ते डोंगर उजाड होऊ न देता पाळणं. स्वतःचं किंवा गावाचं कुरण असलेल्यांसाठी ही कृती.

१. गवताचं माप घ्या (ऑक्टोबर)
पाऊस सरला की कुरणात बरं, मध्यम आणि विरळ गवत असलेल्या जागा निवडा. प्रत्येक ठिकाणी एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखून गवत कापा, कडकडीत वाळवा, तोला आणि सरासरी काढा. समजा, चौकोनामागे २०० ग्रॅम वाळलेलं गवत भरलं. एकरात असे सुमारे ४,००० चौकोन, म्हणजे ८०० किलो. त्यातलं निम्मंच आपलं. उरलेलं मुळांना, मातीला आणि पुढच्या वर्षीच्या बियांना. ३०० किलो वजनाच्या गाईला रोज साधारण ७ किलो कोरडा चारा लागतो. म्हणजे एका एकराचे ४०० किलो तिला जेमतेम ५७ दिवस पुरतील आणि वर्षभरासाठी सहा एकरांहून जास्त कुरण लागेल. भाताचा पेंढा, नाचणीचं काड आणि बांधावरचा पाला यांतून किती भर पडते ते मांडा आणि मगच गाईंची संख्या ठरवा.

२. कुरणाचे चार भाग करा (मे)
ओढा, बांध, दगडी गडगा अशा असलेल्या खुणांनीच भाग पाडा. पहिल्या पावसानंतर निदान महिनाभर कुठेच गुरं सोडू नका; कोवळा कोंब खुडला गेला की मूळ दुबळं होतं आणि ओल्या उतारावर खुरांनी माती सुटते. गवत गुडघ्याला आलं की एका भागात सोडा आणि चार बोटं उरलं की पुढच्या भागात न्या. दरवर्षी एक भाग बी झडेपर्यंत पूर्ण बंद ठेवा. पुढच्या वर्षी दुसरा. मारवेल, पवना, शेडा ही चांगली गवतं अशीच परत येतात. कुसळीच माजलेली दिसली, तर चराई जास्त होतेय असं समजा. घाणेरी आणि रानमोडी फुलायच्या आत मुळासकट उपटा.

३. फुलोऱ्यात कापा
डिसेंबरात पिवळं पडलेलं गवत कापलं, तर हाती नुसती काडी येते. फुलोऱ्यावर आलेलं गवत उघडीप पाहून कापा, पातळ पसरा, उलथापालथ करून वाळवा आणि पेंढ्या बांधून माचावर रचा. ओल राहिली तर बुरशी धरते. जून-जुलैत कुरण बंद असेल तेव्हाच्या ४५ दिवसांसाठी गाईमागे किमान ३१५ किलो चारा बाजूला काढून ठेवा.

४. पाणी वर आणा
गुरं थेट डबक्यात उतरू देऊ नका. तिथल्या गोगलगाईंमधून यकृतातल्या चपट्या कृमींचा प्रसार होतो. झऱ्याच्या उगमाला कुंपण घाला आणि पाणी पाइपाने दगडी किंवा सिमेंटच्या टाकीत आणा. झराही स्वच्छ राहतो.

५. गोठा कोरडा आणि बंद ठेवा
जमिनीला उतार द्या. कारवीच्या कुडातून वारा खेळू द्या. पावसाच्या बाजूने मात्र आडोसा हवा. बिबट्याचा वावर असेल तर दार आणि छत भक्कम करा. गोचिडांसाठी भिंतींच्या फटी लिंपा आणि कोंबड्या गोठ्यात फिरू द्या. शेण-मूत्र छपराखालच्या खड्ड्यात साठवा, म्हणजे पावसात खताचा कस वाहून जाणार नाही.

६. औषध मोजकं, पण वेळेवर
लस टाळू नका; सेंद्रिय पद्धतीत लसीकरण चालतं. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी, लाळ-खुरकुताची वर्षातून दोनदा. जंताचं औषध मात्र सवयीने पाजू नका. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात शेण तपासून घ्या. आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाचा अंश शेणात उतरतो आणि शेणकिडे मरतात. मग शेण मातीत जिरवायचं कोणी? असं औषध द्यावंच लागलं, तर ते जनावर काही दिवस गोठ्यात ठेवा आणि त्याचं शेण कुरणात टाकू नका. गाय खरोखर आजारी असेल तर उपचार रोखू नका; औषधाचं नाव आणि तारीख वहीत लिहा आणि ठरलेली मुदत संपेपर्यंत दूध विकू नका. दुखण्यावर डायक्लोफेनॅक कधीच नको. मेलेल्या गुरातून ते गिधाडांच्या पोटात जातं, म्हणून जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे. मेलॉक्झिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

७. वणवा आणि विष दोन्ही टाळा
गवत वाळू लागताच कुरणाच्या कडेने जाळरेषा काढा. जाळल्याने गवत जोमाने येतं, या समजुतीपायी रोपं आणि पाखरांची घरटी होरपळतात. बिबट्याने जनावर मारलं तर ते हलवू नका, लगेच वनखात्याला कळवा आणि पंचनामा करून भरपाई मागा. मेलेल्या जनावरावर विष टाकणं गुन्हा आहे. त्याने तरस आणि गिधाडंही मरतात.

शेवटी हिशेब
नुसत्या लिटरवर मोजली तर डांगी तोट्याचीच दिसेल, कारण तिचं दूध कमी. बैल, कालवडी, तूप आणि शेणखत जमेला धरा. विकत न घ्यावा लागलेला चारा आणि औषधही धरा. राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात जातिवंत वळूची किंमत काय लागते, ते एकदा जाऊन पाहा. गवत कमी पडलं तर गाय कमी करा, कुरणाचा बंद ठेवलेला भाग मात्र उघडू नका.