फेरमोजणी : मागायची केव्हा आणि कशी?



शिवारफेरीत उसाचे बोलणे संपले की विषय निवडणुकीवर येतोच. "साहेब, आमचा माणूस दोन मतांनी पडला. आता फेरमोजणी मागता येईल का?" असे आम्हांस निकालानंतर आठ-दहा दिवसांनी विचारले जाते. तेव्हा वेळ गेलेली असते. म्हणून थोडी माहिती देत आहोत.

विधानसभा व लोकसभेसाठी निवडणूक संचालन नियम, १९६१ आहेत. त्यांतील नियम ६३ चा क्रम असा :

१) मोजणी संपल्यावर निवडणूक निर्णय अधिकारी प्रत्येकाची एकूण मते पत्रकात भरून जाहीर करतात.

२) त्यानंतर उमेदवार, तो हजर नसल्यास त्याचा प्रतिनिधी, फेरमोजणीचा लेखी अर्ज देऊ शकतो. अर्जात कारण लिहावेच लागते.

३) अधिकारी अर्ज पूर्ण किंवा काही भागापुरता मान्य करतात, अगर अवाजवी वाटल्यास फेटाळतात. निर्णय लेखी व कारणासह द्यावा लागतो.

४) फेरमोजणीत फरक निघाल्यास पत्रक दुरुस्त होते. मग अधिकारी सही करतात. एकदा सही झाली की अर्ज चालत नाही. मात्र सहीपूर्वी हजर उमेदवारांना वाजवी संधी द्यावी लागते.

आपल्या काट्यासारखेच हे आहे. ट्रॉली काट्यावर उभी आहे तोवर वजनाची शंका काढावी. ऊस गव्हाणीत पडल्यावर काय तपासणार?

नुसता संशय हे कारण होत नाही. कोणत्या टेबलावर, कोणत्या गठ्ठ्यात, किती मते चुकीने बाद झाली, हे सांगता आले पाहिजे. म्हणून मोजणी प्रतिनिधी वही-पेन घेऊन बसणारा हवा, घोषणा देणारा नको.

पुढची वाट न्यायालयाची. विधानसभेसाठी ४५ दिवसांत उच्च न्यायालयात, तर ग्रामपंचायतीसाठी १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे जावे लागते. तिथेही मोघम आरोपावर मतपत्रिका उघडल्या जात नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ सालीच सांगितले आहे. ग्रामपंचायत, सोसायटी व कारखाना यांचे मोजणीचे नियम वेगवेगळे आहेत. उमेदवाराने ते अर्ज भरतानाच वाचावेत.

एका मताची किंमतही ध्यानात घ्या. कर्नाटकात संतेमरहळ्ळी येथे २००४ साली आमदारकी एका मताने ठरली. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोघांना ५,९४६ अशी समान मते पडली. फेरमोजणीनंतरही बरोबरी राहिली, तेव्हा चिठ्ठी टाकून निकाल लागला.

शंका असेल तर वेळेत, लेखी आणि कारणासह मांडा. ती वेळ चुकली की हाती नुसती कुजबूज उरते, आणि तिच्यापायी भावकी फुटते, पाण्याची पाळी अडते, बांधावरचे बोलणे बंद होते. निवडणूक पाच वर्षांनी पुन्हा येईल, पण शेजारी रोजचाच आहे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग